माझं पहिलं वर्तुळ

मी एक जुनं मिलिंग मशीन आहे, मित्रांनो, आणि आज मला गप्प बसवतच नाहीये! काल माझ्या टेबलावर एक वर्तुळ कापलं गेलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, जरा ऐकून तर घ्या.

माझा देह ओतीव लोखंडाचा. वर गरगर फिरून लोखंड कापणारा कटर, खाली टेबल, आणि टेबल उचलून धरणारा माझा भलामोठा गुडघा. बावीस वर्षं एकाच माणसानं हँडलं फिरवून मला चालवलं. सगळे त्यांना काका म्हणतात. मला ते "म्हाताऱ्या" म्हणायचे, आणि मी कुरकुरलो की रागवायचे. पण केसाएवढा फरक त्यांच्या हाताला कळायचा. माझा तो गुडघा उचलता उचलता त्यांचा खांदा मात्र कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, हँडल बंद. कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "मग मशीन भंगारात, आणि काका, तुम्ही आता घरी आराम करा."

तेव्हा काकांची पुतणी पुढे सरसावली. मोटरी आणि कॉम्प्युटर जोडणं हा तिचा धंदा. "पंधरा दिवस द्या," ती म्हणाली. "मशीन कॉम्प्युटरवर चालवते. वर्तुळ गोल आलं नाही, तर खुशाल भंगारात घाला."

काय सांगू तुम्हाला ते दिवस! हँडलं उतरली, मोटरी चढल्या, अंगभर वायरी. या वयात नवरदेवासारखा नटलो मी! काका तेवढे बाजूला बसून होते. "आता माझं काय काम?" म्हणायचे.

आम्हा जुन्या मशीनांचा एक दोष असतो. टेबल सरकवणारा स्क्रू उलटा फिरवला की टेबल लगेच हलत नाही, स्क्रू आधी थोडा रिकामाच फिरतो. पुतणीनं टेबल पार टोकाला नेऊन ते रिकामं फिरणं मोजलं आणि कॉम्प्युटरला सांगून ठेवलं.

काल सकाळी टेबलाच्या मध्यावर लोखंडाचा तुकडा बांधून तिनं मालकीणबाईंसमोर बटण दाबलं. माझं टेबल आपोआप सरकायला लागलं! पण वर्तुळ पूर्ण झालं, तर डाव्या-उजव्या कडेला चक्क पायरी. "याला गोल म्हणतात होय?" मालकीणबाई म्हणाल्या. पुतणीचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका उठले. त्यांनी कडेवरून नख फिरवलं.

"अगं, मोजलंस कुठे?"

"टोकाला."

"आणि कापलंस मध्ये! बावीस वर्षं सगळी कामं मी मध्येच बांधली. स्क्रूचे मधले आटे झिजलेत, टोकाचे अजून नव्यासारखे आहेत. काम टोकाला बांध."

"काका, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

नवा तुकडा टोकाला बांधला. "काका, बटण तुम्हीच दाबा," पुतणी म्हणाली. त्यांनी एका बोटानं दाबलं. मोटरी गुणगुणल्या, कटर फिरला, आणि मित्रांनो, गोल! अस्सा गोल, की मोजायच्या घड्याळाचा काटा जेमतेम थरथरला. पुतणीनं उडीच मारली. मालकीणबाईंनी दोनदा मोजून पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून या मशीनवर काय कुठे बांधायचं, ते काका ठरवतील." काका माझ्या टेबलावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

म्हणून सांगतो, जुन्या वस्तूला नवं काही जोडायचं असेल तर जरूर जोडा. मी तर हौसेनं तयार आहे! पण ती वस्तू ज्यानं जन्मभर वापरली, त्याला आधी विचारा. तो आपण होऊन सांगणार नाही.