डाव्या कोपऱ्यातली आठ भोकं

घरातल्या मॅकवरचं सर्किट काढायचं सॉफ्टवेअर नवं करायचं काम थोरल्या सुनेकडे आलं, जशी घरातली सगळीच बिननावाची कामं यायची. सर्किट काढायला ती शिकली होती सासऱ्यांच्या खांद्यावरून बघत. सासरे अंडी उबवायच्या पेट्यांचे कंट्रोल बोर्ड करत, नवरा त्या पेट्या विकत गावोगाव फिरे. सासऱ्यांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून बोर्ड स्क्रीनवर तीच काढत होती.

नवं व्हर्जन तिने उतरवून घेतलं, जुनं कचऱ्यात टाकलं, कचराही रिकामा केला. कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. मग बोर्डाची फाइल उघडली. नव्या व्हर्जनने आधीच बजावलं, की एकदा सेव्ह केलीत की जुन्यात उघडणार नाही. त्यानंतर पाहुणी आलेल्या सासूसारखं त्याने कानाकोपऱ्यातून बोट फिरवलं आणि चुका पुढ्यात मांडल्या. सगळ्यात वर होतं: डाव्या कोपऱ्यातली आठ भोकं कशालाच जोडलेली नाहीत. काढून टाकायची का?

ती भोकं कोणाची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धाकट्या दिराची. पेटीने आतलं तापमान मालकाच्या फोनवर कळवावं, असं त्याच्या डोक्यात होतं. सासरे म्हणाले होते, "अंडीच फोन करायला लागली तर कोंबड्यांनी काय करायचं?" सगळे हसले, तो सोडून. शब्दाने शब्द वाढला आणि तो दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेला. पुढच्या बोर्डावर सासऱ्यांनी काही न बोलता अंगठ्याएवढी जागा मोकळी सोडली, तिच्यात आठ भोकं ठेवली. त्याने तापमान कळवणारं ते यंत्र कधी केलंच, तर बसवायला. माफी मागायची त्यांची हीच तऱ्हा. दिराने एका गिऱ्हाइकाकडे तो बोर्ड पाहिला आणि वहिनीला फोन करून विचारलं, "ही जागा माझी का हो?"

"तुमचीच," ती म्हणाली होती.

तेव्हापासून प्रत्येक पेटीबरोबर ती रिकामी जागा घराबाहेर पडत होती. जो गेला त्याच्यासाठी राखीव जागा. जी राहिली ती बोर्ड काढते, हिशेब बघते, सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालते, आणि जेवायला बसते ते स्वयंपाकघरात पाय दुमडून, मिळेल तिथे. तिचं बोट माउसवर थांबलं. फार वेळ नाही. तिने 'हो' दाबलं, उरलेला कोपरा कापून बोर्ड लहान केला, आणि फाइल बोर्ड छापणाऱ्या कारखान्याकडे पाठवून दिली.

बोर्डांचं खोकं आलं तेव्हा सासऱ्यांनी नेहमीसारखं एका बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. डाव्या कोपऱ्यात बोट अडलं.

"इथली भोकं?"

"नव्या व्हर्जनने खाल्ली वाटतं, बाबा."

इतक्या सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. सासऱ्यांनी बोट पुन्हा त्या कडेवरून नेलं. मग म्हणाले, "सॉफ्टवेअर कशाला खाईल उगाच. मीच कुठे न जोडता कच्ची ठेवली असणार."

त्या दिवसापासून खरं सांगायला ती निमित्त शोधू लागली. चहा देताना सांगू म्हणायची, चहा निवायचा. औषध घालताना सांगू म्हणायची, तर ते डोळे मिटून, मान मागे टाकून इतके भरवशाने बसलेले असायचे की थेंब गालावर पडायचा. आणि त्यातच दिराचा फोन.

"वहिनी, झालं एकदाचं यंत्र. रविवारी आणतो. बाबांच्या जागेत बसतंय का बघू."

तेव्हा तरी सांगायचं. तिने विचारलं, "जेवायला थांबाल ना?"

रविवारी सासऱ्यांनी सकाळीच दाढी केली. दिराने यंत्र पायमोज्यात गुंडाळून आणलं होतं. खाली आठ पाय, मुंगळ्यासारखे. खोक्यातला एक बोर्ड उचलून त्याने उलटापालटा केला.

"बाबा, जागा कुठाय?"

"राहिली," सासरे म्हणाले. "माझ्याकडून राहिली."

"राहिली की नकोशी झाली?"

"राहिली म्हणतोय ना."

"राहिली म्हणून बोर्ड लहान होत नाही, बाबा. कोपरा मोजून कापलाय."

 सासरे नुसते बोर्ड चाचपत राहिले. दिराने यंत्र परत मोज्यात सारलं.

"भाऊजी, थांबा," ती म्हणाली. "कोपरा मी कापला. भोकं काढू का, असं नव्या व्हर्जनने विचारलं, आणि मी हो म्हटलं. बाबांना खोटं सांगितलं."

"चुकून झालं असेल," दीर म्हणाला. वाट अगदी मोकळी करून दिली त्याने.

"चुकून नाही. तुम्ही गेलात तरी तुमची जागा होती. मी इथेच होते, माझी कुठे दिसेना. राग आला."

सासऱ्यांनी हातातला बोर्ड खाली ठेवला. सासरे म्हणाले, "आणि मी रोज स्वतःलाच बोल लावत होतो, पोरी."

रागावले असते तर तिला सोसलं असतं.

"जुनी फाइल?" दिराने विचारलं.

"तिच्यावरच सेव्ह केली."

"मग नव्याने काढू." त्याने मोज्यातून यंत्र बाहेर काढलं. ती खुर्ची सोडायला उठली, तर म्हणाला, "बसा तुम्हीच. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

तिने बोर्डाची कड बाहेर ओढली. तो पट्टीने दोन पायांमधलं अंतर मोजून सांगे, ती भोक ठेवे. मागे सासरे उभे होते. त्यांना स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

"या खोकंभर बोर्डांचं काय करायचं?" दिराने विचारलं.

"जातील की. बोलता येत नाही त्यांना, एवढंच," सासरे म्हणाले. दीर हसला. मग थोड्या वेळाने, स्क्रीनकडे तोंड करूनच, सासऱ्यांनी त्याला सांगितलं, "तिच्यासाठीही एक स्टूल आण जेवणाच्या टेबलापाशी. चारच आहेत."

"पाच आहेत, बाबा," ती म्हणाली. "मीच बसत नाही."

तिला पुढची रेघ नीट ओढता येईना. दिराने पट्टी खाली ठेवली आणि वाट बघत राहिला.