माणशी एक

जंगलाच्या तोंडाशी ‘सायकलींना मनाई’ अशी पाटी लागली आणि माझं डोकंच फिरलं. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. पण राग धंद्यासाठी नव्हता, पंक्चर काय, रस्त्यावरही होतात. राग बाबांसाठी होता.

बाबांची नजर गेल्यापासून आम्ही जोडसायकल चालवायचो. मी पुढे, ते मागे. जंगलातल्या वाटेवर मात्र डोळे त्यांचेच. “आता मुळं येतील, सीटवरून जरा उठ,” म्हणायचे, आणि खरंच मुळं यायची. घरात हाच माणूस रोजच्या उंबरठ्याला अडखळायचा.

वाटेत एक थोरला खडक आहे. त्याच्या वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून जुन्या सायकलवाल्यांनी नियम घालून दिलेला: माणशी एक घंटी. आपण जितके, तितक्यांदा वाजवायची. पलीकडचेही तसंच उत्तर देतात. किती जणांना वाट द्यायची ते दोघांनाही कळतं.

आई त्याच वळणापलीकडे गेली, सायकलवर असतानाच, छातीत कळ येऊन. त्यानंतर आम्ही दोनदा वाजवली की पलीकडून एकदा उत्तर यायचं. बसक्या आवाजाचं. वळण ओलांडावं, तर वाट रिकामी.

“तुझी आई,” बाबा समाधानाने म्हणायचे.

“प्रतिध्वनी आहे हो, बाबा,” मी म्हणायचे. पण दोनाचा प्रतिध्वनी एक होत नाही, एवढं गणित मलाही येत होतं.

पाटी लागली त्या दिवशी मी तिथल्या वॉचमनला फैलावर घेतलं.

“ताई, माझ्यावर कशाला डाफरता? चालायला येणाऱ्यांनी तक्रार केली. घंटी वाजते, ते बाजूला होतात, आणि कुणी येतच नाही म्हणे. एक बाई तर घाबरून पडल्या.”

“म्हणजे न येणाऱ्या सायकलीपायी येणाऱ्या सायकली बंद? जखम मांडीला आणि मलम शेंडीला!”

तो हसला नाही. “मीसुद्धा ऐकलीय,” एवढंच म्हणाला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

बाबांना हे सांगायला नको होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं.

“ती वाजवतेय, आणि कुणी उत्तर देत नाहीये. तिला वाटेल, आपण आता उरलोच नाही.”

त्यांचं जेवण तुटलं ते तुटलंच. खुर्चीत बसून हवेतच अंगठ्याने घंटी दाबायचे. मला बघवेना. शेवटी ते म्हणाले, “मनाई सायकलीला आहे ना? घंटीला तर नाही?” मी मुकाट्याने पाना घेतला आणि जोडसायकलची घंटी काढून त्यांच्या हातात दिली.

दुपारी आम्ही चालत गेलो. खडकाअलीकडच्या बाकावर ते टेकले, तेवढ्यात मागून वॉचमनने हाक मारली. घंटी बघून आता हा घोळ घालणार, असं वाटलं.

“मी त्याला गप्प करून येते. इथून हलू नका.”

“मी कुठे जाणार, बाई?” बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसले.

वॉचमनशी मी हुज्जत घालत होते तेव्हा घंटी वाजली. आमची. एकदाच. लगेच दुसरी, बसकी. तीही एकदाच. बाबांनी मला मोजणीत धरलं नव्हतं. फक्त स्वतःला मोजलं होतं.

मी धावले. बाकाला बाबांची काठी टेकवलेली होती, शेजारी घंटी. तिच्या खटक्याला अजून बोटांची ऊब होती. खडकापलीकडे लांबवर सरळ वाट दिसत होती आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं. “बाबा!” मी बेंबीच्या देठापासून ओरडले. वॉचमन माझ्यामागे येऊन उभा राहिला.

मला रडू फुटलं. मी घंटी उचलली. किती वाजवायची, हा विचार करावाच लागला नाही. एकदा वाजवली.

पलीकडून दोनदा उत्तर आलं.