नायकाच्या दगडावरची तीज

रणजीतचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. माघात निता सून म्हणून घरात आली आणि चैत्रात रणजीतचे आजोबा, रतनसिंग नायक, एका अंगानं लुळे होऊन खाटेला लागले. पुसेगावकडच्या माळावरचा हा बंजारा तांडा त्यांच्या शब्दावर चालायचा. अंग गेलं, पण शब्द तसाच राहिला.

श्रावणात तांड्यातल्या कुवार पोरी रीतीप्रमाणं खाटेशी आल्या आणि तीज पेरायची परवानगी मागून गेल्या. टोपल्यांत वारुळाची माती भरली, गहू पेरले, रोज पाणी घालून गाणी म्हटली. पिवळे कोंब वीतभर वर आले. गोकुळअष्टमीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन खालच्या नाल्यावर तीज बोळवायची असते. तिथं नायकाचा म्हणून एक काळा दगड आहे. रतनसिंग दर साली त्यावर बसायचे आणि पहिला कोंब त्यांच्याच पागोट्यात खोवला जायचा.

यंदा कसं व्हायचं, याची प्रेमदासला काळजी लागली. प्रेमदास त्यांचा थोरला, रणजीतचा बाप. बापानं त्याला एकच मागणं केलं होतं, नाल्यावरची तीज एवढ्या साली पाहू दे. खाट उचलून नेऊ म्हटलं, तर म्हातारा चिडला.

"चौघांच्या खांद्यावर मी इतक्यात जाणार न्हाई."

मोबाइलवर दाखवू म्हटलं, तर त्यालाही नकार. पोरगं फोन फिरवील तिकडंच पाहायचं, हे त्यांना पटेना. "नायकानं मान कुठं वळवायची ते दुसऱ्यानं ठरवायचं न्हाई," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

मग प्रेमदासनं शितलला फोन लावला. शितल त्याची मुलगी, रणजीतची थोरली बहीण, पुण्यात एका स्टुडिओत कामाला. काय काम करते, हे प्रेमदासला कधी धड सांगता यायचं नाही. जवळच्या गोरेगावच्या बाजारात चहावाला शेषराव हटकून विचारायचा. चौफेर व्हिडिओ काढते, असं प्रेमदास सांगायचा. "म्हणजे लग्नातलेच ना?" शेषराव म्हणायचा, आणि टपरीवरची माणसं हसायची. प्रेमदास चहा अर्धा टाकून उठायचा.

शितल आली ती कवठाएवढा एक गोळा घेऊन. त्याच्या चारी अंगांनी भिंगं बसवलेली, जोडीजोडीनं. माणसाच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर असतं तेवढंच प्रत्येक जोडीत. तिनं बापाला समजावलं, की दोन डोळ्यांना दोन चित्रं मिळाली की वस्तू जवळ कुठली आणि लांब कुठली ते कळतं. डोळ्यांवर चष्म्याचं खोकं चढवलं की आजोबा, तिचे दादा, मान वळवतील तिकडचं त्यांना दिसेल, मागचंसुद्धा. प्रेमदासनं सगळं ऐकून घेतलं आणि तिची जड बॅग उचलून नाल्याची वाट धरली.

शितलनं गोळा नायकाच्या दगडावर ठेवला, तोही दादा बसले की डोळे जिथं येतील बरोबर त्या उंचीवर. बायामाणसांना तिनं सांगितलं, दादाच इथं बसलेत असं समजा, आणि दोन हातांच्या आत येऊ नका, दोन भिंगांची चित्रं जुळतात त्या सांध्यावर चित्र चिरतं. तिलाही कुठं उभं राहायची सोय नव्हती, कारण गोळ्याला पाठ नाही. ती पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन मोबाइलवर पाहत बसली. प्रेमदास तिच्या शेजारी.

मोबाइलवर जे दिसलं त्यानं दोघांचेही चेहरे उतरले. दादाच बसलेत म्हटल्यावर सगळ्या सुनांनी हातभर घुंगट ओढले होते. निता तर पाठ करून उभी. गडीमाणसं लांब, जमिनीवर, हात जोडून. रणजीतनं बिडी विझवून खिशात घातली होती. पोरी फेर धरून नाचत होत्या, पण खाली मान घालून. एकमेकींना चिडवायची गाणी कुणाच्या तोंडून निघेनात. तीज एकदाच बोळवायची असते. टोपल्या पाण्यात गेल्या की संपलं.

शितल म्हणाली, "बापू, दादांना नुसती लुगडी दिसतील."

प्रेमदास उठून सांगायला निघाला, पण बापासमोर सुनांना तोंड उघडं करा म्हणायचं कुणी? त्याचे पाय तिथंच थांबले. तेवढ्यात त्याची आई, निर्मलाबाई, टोपल्यांमधून वाट काढत दगडाकडं गेली. लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत नवऱ्यासमोर तिचा घुंगट कधी वर गेला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी मागं टाकला आणि गोळ्याकडं पाहून म्हणाली,

"नायक, दिसून राहिलं का बराबर?"

मग ती सुनांकडं वळली.

"ते म्हणतेत, घुंगट तर मी घरीबी पाहतो."

आधी निता हसली. मग एकेक तोंड उघडं झालं. निर्मलाबाईनंच गाणं उचललं, नवऱ्याला चिडवायचं, आणि पोरींनी ते असं काही धरलं की फेर जमिनीवर ठरेना. टोपल्या पाण्यात सोडायच्या वेळी प्रतिक्षा नावाची सगळ्यात लहान पोर कोंब घेऊन थेट गोळ्यापाशी गेली. दोन हातांचं तिला भानच नव्हतं. शितल ओरडणार होती, पण तिनंच आपलं तोंड दाबून धरलं.

चित्रं जोडायला दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी रतनसिंगांना पाठीला गोधड्या लावून बसवलं, पागोटं घातलं आणि चष्मा चढवला. मान आधी उजवीकडं वळली, मग सावकाश डावीकडं. मग पार मागं, जिथं गडीमाणसं बसायची. एका जागी मान थांबली ती हलेना, आणि तोंडाचा चांगला कोपरा हसला. तिथं निर्मलाबाई असणार, हे प्रेमदासनं ओळखलं. ती दाराशी उभी होती, घुंगट पुन्हा जागेवर.

मग, समोर कुणी कोंब घेऊन आल्यासारखं, रतनसिंगांनी डोकं पुढं झुकवलं. प्रेमदासनं जपून ठेवलेला खरा कोंब त्यांच्या पागोट्यात खोवला.

चष्मा काढल्यावर ते म्हणाले, सगळं बराबर आहे, फक्त प्रतिक्षाला सहा बोटं झालीत. सगळे हसले, शितलही. मग त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"कुणी पुसलं तर सांगा, यंदाबी नायक दगडावर होता."

पुढच्या बाजाराला प्रेमदास गोरेगावला गेला. शेषरावनं विचारायच्या आधीच बाकावर ऐसपैस बसला आणि सांगितलं, की माझी पोरगी माणसाला जागेवर नेते. त्या दिवशी त्यानं चहा शेवटपर्यंत प्याला.

रतनसिंग नायक त्याच साली, कार्तिक सरत आला असताना, एकोणतीस नोव्हेंबरला सकाळी आपल्या घरात वारले.