हातभराचा फटका

बॅलकॉर्नी गावात माणूस मोजायचा तो गोल्फ क्लबाच्या भिंतीवर. तिथे ओकच्या फळ्यांवर सोनेरी अक्षरांत दरसालच्या विजेत्याचं नाव लिहिलेलं आहे, थेट १८७२ पासूनचं. एका डॉक्टरने सात वेळा बाजी मारली, तर सात वेळा त्याचं नाव आहे. एका पाद्रीबाबांनी अंतिम सामना रविवारी खेळायला नकार दिला आणि सोमवारी भर पावसात येऊन जिंकला, त्यांचंही आहे. दोन्ही महायुद्धांच्या सालांपुढे नुसती रेघ आहे, आणि त्या रेघांपुढे म्हातारे अजून टोपी काढतात. गावात बँक आहे, शाळा आहे, दोन चर्चं आहेत, पण कुणाच्या घराण्याची चौकशी करायची झाली तर लोक आधी या भिंतीकडे बघतात.

ड्यूगल्ड पेट्रीचं नाव १९६८ पुढे आहे. अक्षर ठळक आहे, वाचायला काहीच अडचण नाही. अडचण एवढीच की ते नाव वाचलं की प्रत्येक जण दुसऱ्याचीच गोष्ट सांगायला लागतो.

गोष्ट अशी सांगतात. अंतिम सामना ड्यूगल्ड पेट्री आणि वॉटी गेडिस यांच्यात. दोघे एकाच गल्लीत वाढलेले, समुद्राकाठच्या त्याच वाळूत खेळ शिकलेले. शेवटच्या होलपर्यंत दोघे बरोबरीत. ड्यूगल्डचा चेंडू चौथ्या फटक्यात भोकात गेला. वॉटीचे तीन फटके झाले होते आणि चेंडू भोकाजवळ होता. तो आत घातला की पुन्हा बरोबरी, मग आणखी एक होल. वॉटीने काठी चेंडूमागे टेकवली, थांबला, मागे सरला आणि टोपी काढून म्हणाला, "माझा चेंडू हलला." काठी टेकवल्यावर चेंडू हलला तर एक फटका दंड, असा तेव्हाचा नियम. बघायला आलेल्या शे-दीडशे माणसांत कुणालाही तो हललेला दिसला नव्हता. पण वॉटीने आपल्या तोंडाने सांगितलं, दंड घेतला, आणि सामना तिथेच संपला. शेवटचा फटका मारायचीसुद्धा गरज उरली नाही. त्याने येऊन ड्यूगल्डचा हात हातात घेतला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तो हरलेल्यासाठी.

बक्षिसाचा चांदीचा जग ड्यूगल्डच्या घरी आला आणि कौतुक वॉटीच्या. पुढे वॉटी शाळेचा हेडमास्तर झाला, दोनदा क्लबाचा कॅप्टन झाला. ड्यूगल्डने बापाची बेकरी चालवली. गिऱ्हाईक पाव हातात तोलत म्हणायचं, "पेट्री, वजन तुझंच आहे ना रे, की कुणी दिलंय?" आयत्या बिळावर नागोबा, हे त्याला गावाने पन्नास वर्षं वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं. तोही हसायचा. दुकान चालवायचं तर हसावं लागतं.

पण त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. चेंडू हललाच नव्हता. तो समोर तीन पावलांवर उभा होता आणि त्याची नजर चेंडूवरच होती. चेंडू जागचा तसूभरही हलला नाही. हे त्याने बायकोखेरीज कुणालाही सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कसं? ज्याने तुमच्यासाठी बरोबरीत आलेला सामना सोडला त्यालाच खोटा ठरवायचं? गावाने जोड्याने मारलं असतं.

मग क्लबाला दीडशे वर्षं झाली आणि अजिंक्यपदाचा इतिहास छापायचा ठरला. लिहिणारी एल्स्पेथ कारगिल. ती डंडीच्या वर्तमानपत्रातून निवृत्त झालेली, कामाला चोख आणि कुणाची भीड न धरणारी. तिने ड्यूगल्डला त्याच्या सालाचं पान वाचून दाखवलं. पान छान होतं. त्यात वॉटीची टोपी होती, वाऱ्याची दिशा होती, आणि शेवटी एक वाक्य होतं: "गेडिस हरले आणि क्लब जिंकला." ड्यूगल्डचं नाव त्यात एकदाच आलं होतं. ऐंशी वर्षांच्या त्या माणसाच्या अंगाचा तिळपापड झाला. टोमणे हवेत विरतात, पण हे छापलं जाणार होतं. तो मेल्यावर त्याच्या नातवंडांच्या हातात हेच राहणार होतं. त्याने एल्स्पेथला सगळं सांगून टाकलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिस्टर पेट्री, गेडिससाहेब हयात आहेत. चेंडू हलला नव्हता एवढं त्यांना म्हणू द्या, मी पान बदलते. तुमच्या एकट्याच्या शब्दावर नाही बदलणार. सोमवारी मजकूर छापखान्यात जायचाय."

घरी बायकोने, जेसीने, चहा ओतता ओतता त्याला वेड्यात काढलं. तिचं म्हणणं असं की चांदीचा जग वर्षभर आपल्या फडताळात होता, तोही तिनेच घासला, मग आणखी काय जिंकायचं राहिलं होतं?

रविवारी तो वॉटीला भेटायला गेला. वॉटी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होता. खिडकीतून सगळं मैदान दिसायचं, म्हणून त्याने ती खोली भांडून घेतली होती. ड्यूगल्डने करंजीसारख्या, खिमा भरलेल्या गरम ब्रायड्या नेल्या होत्या. नर्सची पाठ वळताच वॉटीने अर्धी संपवली आणि कांदा कमी पडलाय म्हणून तक्रार केली. ड्यूगल्डचा मुलगा बेकरी बुडवणार, असं भविष्यही सांगितलं. ड्यूगल्डने ते सगळं ऐकून घेतलं आणि मग विषय काढला.

वॉटी दचकला नाही. बोटं पुसत म्हणाला, "इतकी वर्षं लावलीस? मला वाटलं होतं दुसऱ्याच दिवशी येशील."

"म्हणजे हलला नव्हता."

"नव्हता."

ड्यूगल्डला एकदम हलकं वाटलं आणि त्याच दमात रागही आला. त्याने विचारलं, मग का? वॉटीने आपले हात पुढे केले. आता ते म्हातारपणाने थरथरत होते.

"तेव्हा हे असे व्हायचे. तुला माहीत होतं. अख्ख्या गावात तुलाच माहीत होतं. लांबून कुठूनही घालायचो मी, डोळे मिटून. पण हातभराचा आला की हात माझे राहायचे नाहीत. आणि बाप दोरीपलीकडे उभा. तिथे चुकलो असतो तर गावाने जन्मभर दात काढले असते. म्हणून म्हटलं, हलला. हरायचंच आहे तर निदान टोपी काढून हरावं."

"आणि माझं काय? मी जन्मभर फुकट्या."

"सांग की तिला. मी नाही म्हणणार नाही. मरायला टेकलोय, आता मला कुठे कॅप्टन व्हायचंय?" वॉटीने उरलेली ब्रायडी जवळ ओढली. "पण सांगणार असशील तर सगळं सांग. चेंडू किती लांब होता ते सांग. आणि तू काय करत होतास तेही."

बॅलकॉर्नीत एक रीत आहे. समोरच्याचा चेंडू भोकापासून हातभर अंतरात आला की आपण म्हणायचं, "उचल." म्हणजे तो फटका मारायला लावायचा नाही, गेला असंच धरायचं. हा नियम नाही, रीत आहे. पण ती न पाळणाऱ्याबरोबर लोक दुसऱ्यांदा खेळत नाहीत. त्या दुपारी हातभर अंतरावरच्या चेंडूकडे जाताना वॉटीने मान वर करून ड्यूगल्डकडे पाहिलं होतं. ड्यूगल्डने ते पाहणं ओळखलं होतं आणि तोंड मिटून उभा राहिला होता. वॉटीचे हात थरथरतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच. मग वॉटीने टोपी काढली, टाळ्या झाल्या, आणि ड्यूगल्ड "उचल" का म्हणाला नाही हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. गावाला नाही, जेसीला नाही. एवढी वर्षं तोही ते विसरल्यासारखाच वागला होता.

"तू कधी बोलला नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"कशाला बोलू? माझं बरं चाललं होतं," वॉटी म्हणाला आणि खिडकीबाहेर कोण किती वाईट खेळतंय ते सांगायला लागला.

टेकडी उतरताना ड्यूगल्डला स्वतःची लाज वाटली. वॉटी खोटं बोलला होता खरं, पण त्या खोट्याच्या आडोशाला दोघेही राहिले होते. त्याने तिथेच ठरवून टाकलं की वॉटीचं मोठेपण वॉटीला राहू द्यायचं.

सोमवारी एल्स्पेथ बेकरीत आली तेव्हा त्याने तिला बसवलं आणि म्हणाला, "माझंच चुकलं. चेंडू हलला होता. मी समोर होतो, मी पाहिलाय. तसं लिही."

एल्स्पेथचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत चेंडू हलताना पाहिलेला पहिला माणूस, आणि तोही प्रतिस्पर्धी. ती भराभर लिहीत होती. म्हणाली, मिस्टर पेट्री, असं बोलायला मोठं मन लागतं. ड्यूगल्डलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिने मान वर न करता विचारलं, "आणि चेंडू भोकापासून किती लांब होता? ते कुठेच नाही सापडलं मला."

भट्टीजवळ मुलगा उभा होता. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती. ड्यूगल्डने हातावरचं पीठ झटकलं.

"असेल पाच-सहा फूट," तो म्हणाला.

तिने तेही लिहून घेतलं. तिला थांबवावं असं त्याला वाटलं. ती दारापर्यंत जाईस्तोवर वाटत राहिलं. मग ती गेली.

शरद ऋतूत पुस्तक आलं. जाडजूड, हिरव्या बांधणीचं. एक प्रत ड्यूगल्ड स्वतःच वॉटीला द्यायला गेला. दुसऱ्या कुणी ती वॉटीच्या हातात ठेवावी हे त्याला सोसवलं नसतं. वॉटीने चष्मा लावला, १९६८ चं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. प्रतिस्पर्ध्यानेही चेंडू हलताना पाहिला होता, इथवर आला तेव्हा त्याने भुवई उंचावली. पुढच्या ओळीवर बोट थांबलं. ड्यूगल्ड आपल्या बुटांकडे बघत बसला.

"सहा फूट," वॉटी म्हणाला. त्याने पुस्तक मिटलं आणि चष्मा काढला. "सहा फुटांवरून मी घातला असता रे, ड्यूगल्ड."