आजन्म वॉरंटीचा शेवटचा दिवस

बर्निता आत्या गेल्याचं ऑर्लिन श्रागला वाईट वाटलं नाही, असं कुणी म्हणू नये. वाटलं, चांगलंच वाटलं. फक्त तिच्या अंत्यविधीला नेमका तो शुक्रवार यायला नको होता, एवढंच त्याचं म्हणणं. माणूस त्र्याण्णव वर्षं थांबतो, तर आणखी दोन दिवस थांबायला काय हरकत होती?

कारण त्याच शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ऑर्लिनच्या पिकअपची वॉरंटी मरणार होती.

ही वॉरंटी साधीसुधी नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी कंपनीला कुठून दानशूरपणाचा झटका आला होता कुणास ठाऊक, पण त्या वर्षी गाडी घेणाऱ्याला तिने इंजिन आणि गिअरबॉक्सची आजन्म हमी देऊन टाकली होती. पहिला मालक जोवर गाडी विकत नाही, तोवर काहीही बिघडो, दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने. अट एकच. दर पाच वर्षांनी, खरेदीच्या तारखेनंतर साठ दिवसांच्या आत, कंपनीच्या डीलरकडे गाडी तपासून घ्यायची. एक दिवस चुकला की आजन्माचा जन्म संपला.

ऑर्लिनने पहिल्या दोन तपासण्या गावातल्या गावात, फ्रीमनमध्येच उरकल्या होत्या. मग गावातला डीलर दुकानाला टाळं लावून ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेला आणि आता जवळचा डीलर म्हणजे यँक्टन, पाऊण तासाचा रस्ता. तरी ऑर्लिन निवांत होता. आधी बर्फ पडत होतं, मग गायी वीत होत्या, मग पुन्हा बर्फ पडलं. साठ दिवस काय करत होतास, असं त्याच्या बायकोने, लव्हॉनाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की साठ दिवस होते म्हणूनच तर घाई नव्हती. लव्हॉनाने यावर फक्त त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने बरंचसं भांडण नुसतं पाहूनच उरकलं होतं.

या वेळी तपासणी चुकवून चालणारही नव्हतं. गेला महिनाभर गिअरबॉक्स कण्हत होता. चढ आला की त्याच्या पोटातून असा काही सूर निघायचा की शेजारच्या शेतातली गुरं मान वर करून बघायची. नव्या गिअरबॉक्सच्या पैशात दोन चांगल्या गाभण गायी आल्या असत्या, आणि ऑर्लिनला गायी हव्या होत्या.

आणि या सगळ्याच्या वर होता डेलमार. डेलमार श्राग, त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्यानेही त्याच दिवशी, त्याच डीलरकडून, तशीच पांढरी पिकअप घेतली होती, दोन घेतल्या तर थोडं कमी करतो म्हणाले म्हणून. पण डेलमारचा वॉरंटीवर विश्वास नव्हता. कंपनीने ऑर्लिनला दर पाच वर्षांनी नवस फेडायला लावलाय, असं तो चारचौघांत सांगायचा. गाडी चालते तोवर चालवायची, थांबली की लाथ घालायची, हे त्याचं तत्त्वज्ञान. ऑर्लिनची वॉरंटी बुडाली असती तर डेलमारला पुढची वीस वर्षं कॉफीबरोबर दुसरं काही लागलं नसतं.

अंत्यविधी वेळेवर सुरू झाला, वेळेवर संपला. मग चर्चच्या तळघरात जेवण. हॅम घातलेले पाव, हिरव्या जेलीत किसलेलं गाजर, रुबार्बच्या आंबटगोड वड्या आणि कॉफी. जेवण टाळणं म्हणजे आत्याचा अपमान, तेव्हा ऑर्लिन जेवला. खरी पंचाईत पुढेच होती. फ्रीमनमध्ये जेवणं सोपं, निघणं अवघड. आधी दोन्ही गुडघ्यांवर हात आपटून "चला तर मग" म्हणायचं आणि बसूनच राहायचं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणायचं आणि उठायचं. मग दाराशी उभं राहून पावसापाण्याचं बोलायचं, मग गाडीशी उभं राहून उरलेलं बोलायचं. याहून लवकर जो निघतो त्याचं घरात भांडण झालंय असं लोक धरून चालतात.

डेलमार मात्र चक्क एका "चला तर मग"मध्ये निघाला. गाय विणार आहे म्हणाला. ऑर्लिनला त्याचा हेवा वाटला. आपल्यालाही गाय सुचायला हवी होती.

त्याला सुटायला पुढे पाऊण तास लागला. गाडीच्या खिडकीत हात ठेवून उभ्या असलेल्या पाद्रीबाबांना तो शेवटी गाडी हळूहळू पुढे घेतच निरोप देत होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी ऑर्लिनला तेव्हा ठाऊक नव्हती. फ्रीमनमध्ये गाडीची किल्ली गाडीतच असते. किल्ली काढून खिशात घालणारा माणूस एकतर शेजाऱ्यांना चोर समजतो, नाहीतर मिनियापोलिससारख्या शहरातला असतो. आणि चर्चच्या आवारात जशी प्रत्येकाची बसायची बाकं ठरलेली, तशीच गाडीची जागाही. तिसऱ्या एल्मच्या झाडाखाली ऑर्लिन, चौथ्याखाली डेलमार. वडिलांच्या काळापासून असंच. त्या दिवशी शववाहिनीला बाहेर पडायला वाट होईना, म्हणून दाराशी उभं राहणाऱ्या हार्लनने मध्ये येणाऱ्या सगळ्या गाड्या हलवल्या आणि नंतर प्रामाणिकपणे जागेवर आणून लावल्या. दोन पांढऱ्या पिकअपपैकी कोणती तिसऱ्या झाडाखालची आणि कोणती चौथ्या, एवढंच काय ते त्याचं चुकलं.

तिसऱ्या झाडाखालची गाडी आपलीच, हे ऑर्लिनला तपासून बघायची कधी गरजच पडली नव्हती.

रस्त्याला लागल्यावर त्याला जरा चमत्कारिक वाटलं. आसन मागे सरकलेलं होतं. लव्हॉनाने झाडलोट केली असेल. रेडिओवर पोल्का नाचाचं संगीत वाजत होतं. तेही लव्हॉनाच. शेजारी चंदेरी कागदाखाली झाकलेली ताटली होती, हॅमचे पाव आणि रुबार्बच्या वड्यांची, आणि त्याला बायकोबद्दल एकदम प्रेम वाटलं. पण खरा धक्का पुढच्या चढावर बसला. गिअरबॉक्स गप्प. दुसऱ्या चढावरही गप्प. दवाखान्याची पायरी चढताना दाढ दुखायची थांबते, तसलाच प्रकार. ऑर्लिन हवालदिल झाला. त्याने गाडीला समजावलं, मग दटावलं, मुद्दाम कच्च्या रस्त्याने नेली. गाडी सायीसारखी मऊ चालली. महिनाभर गावभर बोंबललीस आणि आज तुझी वाचा बसली, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं.

यँक्टनच्या डीलरकडे पोचला तेव्हा बंद व्हायला अर्धा तास उरला होता. काउंटरवरच्या डस्टिन नावाच्या दाढीवाल्याने बाहेर जाऊन काचेखालचा नंबर टिपून आणला, संगणकात घातला आणि म्हणाला, "या, मिस्टर डेलमार श्राग."

ऑर्लिनला आधी रागच आला. मग त्याने बाहेर जाऊन गाडीकडे नीट पाहिलं. मागच्या बंपरला बैलाने पाडलेला पोचा होता. बैल डेलमारचा होता. आसन, पोल्का, ताटली, गप्प गिअरबॉक्स, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. आपली गाडी डेलमारच्या गोठ्याशी उभी, आणि फ्रीमनला जाऊन परत यायला दीड तास. संपलं.

डस्टिन दरम्यान संगणक वाचत होता. या गाडीची मुदत आजच संपतेय, म्हणाला. मागच्या दोन्ही तपासण्या झाल्यात, पण या वेळची बाकी आहे. मालकाने फोनवर हो म्हटलं तरी चालेल, लिफ्टवर चढवू का?

मागच्या तपासण्यांचं ऑर्लिनने ऐकलंच नाही. मुदत आजच संपतेय, हे मात्र त्याला फार गोड लागलं. आपली वॉरंटी बुडाली तर निदान डेलमारचीही बुडेल. त्याला कुठे तिची पर्वा आहे? पंधरा वर्षं नवसाचे टोमणे. त्याने डस्टिनला जरा थांबायला सांगितलं आणि डेलमारला फोन लावला.

"गाय कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे," डेलमार म्हणाला. "म्हणजे, कण्हतेय जरा."

"तू आहेस कुठे?"

"गोठ्यात."

तेवढ्यात फोनमधून एका बाईचा आवाज घुमला. पांढऱ्या पिकअपच्या मालकांनी कृपया काउंटरवर यावे.

"गोठ्यात लाऊडस्पीकर कधी बसवलास?" ऑर्लिनने विचारलं.

डेलमारने गायीचा नाद सोडला. मग सांगू लागला. तो सू फॉल्सच्या डीलरकडे होता. दर पाच वर्षांनी तिकडेच जायचा, गावापासून लांब, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. पहिल्याच वर्षी चारचौघांत वॉरंटीची टिंगल करून बसला होता, मग माघार कुठल्या तोंडाने घेणार? आज वाटेत गाडी अशी काही कण्हायला लागली की आत्याच्या दुःखाने तिचा जीव जातोय असंच त्याला वाटलं.

म्हणजे ऑर्लिनची गाडी सू फॉल्सला होती. डीलरच्या दारात.  वॉरंटी जिवंत होती, फक्त एका शब्दाचं अंतर होतं. डेलमारला विनंती करायची.

पण फ्रीमनचा माणूस विनंती करत नाही. समोरच्याने आपणहून म्हणेपर्यंत तो हवापाण्याचं बोलतो. ऑर्लिन म्हणाला, इकडे वारा सुटलाय. डेलमार म्हणाला, इकडेही आहे. ऑर्लिन म्हणाला, आत्याचा विधी छान झाला. डेलमार म्हणाला, हॅम मात्र खारट होतं. डस्टिनने घड्याळाकडे पाहिलं. मागे लिफ्टवरचे दिवे विझू लागले. ऑर्लिनला त्या दोन गाभण गायी डोळ्यांसमोर दूर दूर जाताना दिसल्या.

"डेलमार," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला, "माझी गाडी तेवढी तपासून घे. हात जोडतो."

"ती केव्हाच चढवलीय," डेलमार म्हणाला. "आल्या आल्याच. काउंटरवाली म्हणाली ही ऑर्लिन श्रागची आहे, मी म्हटलं, ऑर्लिन मीच. अंत्यविधीहून निघालो आणि सरळ खोटं बोललो बघ. करतो काय? आज तुझा शेवटचा दिवस. पाच वर्षं तू ती तारीख सांगून डोकं खाल्लंयस, मला पाठ झालीय. गिअरबॉक्स गेलाय म्हणतात, नवा बसवणार, फुकट. गाडी इथेच ठेवावी लागेल."

 पंधरा वर्षं ज्याला शत्रू समजलो तो आपल्यासाठी खोटं बोलला, आणि आपण इथे त्याची वॉरंटी बुडवायला निघालो होतो. ऑर्लिनला लाज वाटली, अगदी कानांपर्यंत.

"आणि माझी?" डेलमारने हळूच विचारलं.

"तुझी?" ऑर्लिन म्हणाला. "तुझीही चढवलीय. आल्या आल्याच. तू तेवढं या माणसाला हो म्हण."

डेलमारने डस्टिनला हो म्हटलं आणि ऑर्लिन मागच्या दाराने गॅरेजकडे पळत सुटला. बासष्टाव्या वर्षी माणूस पळतो तेव्हा बघणारे बाजूला होतात. मर्ना नावाची मेकॅनिक बाई अंगात कोट घालून, हात धुऊन, डब्याची पिशवी घेऊन निघाली होती. आता काही नाही, सोमवारी या, म्हणाली. सोमवार म्हणजे मरणोत्तर. ओरडणं ऑर्लिनला येत नव्हतं, रडणं शोभत नव्हतं. त्याला एकच गोष्ट येत होती.

"दिवसभर उभ्या आहात," तो म्हणाला. "भूक लागली असेल."

आणि गाडीतून ती ताटली आणली.

मर्नाने चंदेरी कागद उचलून पाहिलं. मग कोट काढला. एका हाताने हॅम, दुसऱ्या हाताने टॉर्च, अशी ती गाडीखाली फिरली. डस्टिनलाही एक वडी द्यावी लागली, संगणक पुन्हा चालू केल्याबद्दल. साडेपाचला एक मिनिट असताना डेलमार श्रागची वॉरंटी आणखी पाच वर्षांसाठी जिवंत झाली आणि ताटलीत फक्त कागद उरला.

ऑर्लिन तिथून थेट सू फॉल्सला गेला. डेलमार बंद दुकानाच्या पायरीवर कॉलर वर करून बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. एवढं झाल्यावर त्याहून जास्त काय बोलणार? ऑर्लिनने चाकामागची जागा त्याला दिली. डेलमारने आसन जरा मागे घेतलं, पोल्का मोठा केला आणि गाडी रस्त्याला लावली.

बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, जाम भूक लागलीय. बायकोने सकाळीच माझ्यासाठी ताटली ठेवली होती. त्याने चाचपडून ताटली उचलली. फारच हलकी लागली.

ऑर्लिन खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर काळोख होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू खाल्लंस?"

ऑर्लिनला खोटं बोलता आलं असतं, पण त्या दिवसापुरतं पुरे झालं होतं. "मेकॅनिक बाईला दिलं," तो म्हणाला. "ती घरी निघाली होती."

डेलमारने पोल्का बंद केला. फ्रीमनच्या धान्याच्या कोठाराचे दिवे दिसू लागले. मग चर्चच्या वळणावर त्याने गाडी सावकाश केली.

"पुढच्या तपासणीलाही तुझी गाडी मीच नेईन," तो म्हणाला. "माझी मात्र लव्हॉनाला न्यायला सांगेन. भरल्या ताटलीसकट परत तरी येईल."