डोलीचा बांबू

पाड्यावर जीप येत नाही. तलासरीच्या दवाखान्यात न्यायचं, तर आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत, डोलीत घालून डांबरी रस्ता गाठावा लागतो.

शेजारच्या भीमाच्या बायकोला, बारकीला, साप चावला तेव्हा पांड्या प्रार्थनाघरात होता. बाहेरून भीमाची हाक आली, "पांड्या, एक खांदा कमी पडतोय रे."

आत पास्टर स्वर्गातल्या सोन्याच्या रस्त्यांबद्दल सांगत होते. पाड्याला मातीचा धड रस्ता नाही. आमेन होईपर्यंत उठायचं नाही, असा नियम. पांड्याने डोळे घट्ट मिटले आणि बारकीसाठीच प्रार्थना केली. भित्रा कुठला.

आमेन झाल्यावर तो धावत सुटला. ओढ्यापाशी डोली खाली ठेवलेली होती. बारकी संपली होती.

"झालं का तुमचं भजन?" भीमा म्हणाला. "आता परत न्यायचीय. धर."

पांड्याने खांदा दिला. बारकीला काही वजनच नव्हतं, ते त्याला सोसेना.

पुढच्या रविवारी भीमाकडून डोलीचा तो बांबू मागून त्याने प्रार्थनाघराच्या दारात ठेवला.

"हे काय इथं?" पास्टरांनी विचारलं.

"प्रभूने शब्बाथ दिवशी, विसाव्याच्या दिवशीही माणसं बरी केली, पास्टर. यापुढे हाक आली की आमेन वाटेत म्हणायचं."