खोलीची शांतता

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणकामगारांवर नेलने माहितीपट काढला, त्यात सगळ्यात जास्त बोलला तो ऑर्विल. तो वारल्यावर महिन्याभराने त्याची बायको आयडा नेलच्या दारात येऊन उभी राहिली.

"पोरी, सिनेमात त्याचं नुसतं बोलणंच आहे गं. श्वास कुठं गेला?"

"श्वास?"

"ती छातीतली घरघर, कोळशाच्या धुळीची! बेचाळीस वर्षं शिव्या घालत त्या घरघरीशेजारी झोपले मी. आता डोळ्याला डोळा लागत नाही. असेल की तुझ्याकडे कुठंतरी."

बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून नेलने शहाणपणा करून ती घरघर पुसून टाकली होती, मूळ ध्वनिमुद्रणही ठेवलं नव्हतं. उरली होती फक्त खोलीची शांतता. मुलाखत संपली की ती मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज टिपून घेई, बोलण्याचे तुकडे जोडताना मधे भरायला लागतो म्हणून.

तिने ती लावली. आयडा कान देऊन बसली. घड्याळाची टिकटिक, बस्स.

"हा कुठाय?"

तेव्हा नेलला आठवलं. तिनेच म्हटलं होतं, "ऑर्विलकाका, तुमच्या श्वासाने शांतता बिघडतेय. जरा बाहेर थांबता?"

"माफ कर हं, पोरी," म्हणत तो आपल्याच घरातून बाहेर, बर्फात जाऊन उभा राहिला होता.